जान बारे

जान बारे (जन्म : २७ जुलै १७४०, ला कोमेल, बरगंडी, फ्रान्स, मृत्यू : ५ ऑगस्ट १८०७, सँ-ओले, फ्रान्स) या अठराव्या शतकातील फ्रेंच वनस्पतिसंग्राहक होत. सागरमार्गे पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी इतिहासाला ज्ञात असलेली पहिली स्त्री म्हणून त्यांची ख्याती आहे. स्त्रियांना फ्रेंच आरमाराच्या जहाजावर पाऊल ठेवण्यास मनाई असताना पुरुषवेष धारण करून, वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कोमेर्सों यांचे सेवक व साहाय्यक या नात्याने त्या लुई-आंत्वान द बूगँव्हिल यांच्या जगप्रवासात सहभागी झाल्या. याच प्रवासात, ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे, आज महाराष्ट्रातील अंगणा-कुंपणांवर सर्वत्र दिसणाऱ्या बोगनवेलीचे नमुने गोळा करण्यात आले आणि युरोपीय वनस्पतिशास्त्राला या वेलीची ओळख झाली. वेलीला नाव मिळाले ते मोहिमेच्या प्रमुखाचे. बारे यांचे नाव एका वनस्पतीच्या मान्य शास्त्रीय नावात येण्यास मात्र २०१२ साल उजाडावे लागले, आणि ती वनस्पतीही उष्ण कटिबंधातील एक फुलवेलच होती.

== जन्म व पूर्वायुष्य ==

जान बारे यांचा जन्म पूर्व फ्रान्समधील बरगंडी प्रांतात, ओतँ या गावाजवळील ला कोमेल या खेड्यात झाला. वडील ज्याँ बारे हे रोजंदारीवर राबणारे मजूर होते. आईचे नाव जान पोशार. मुलीच्या जन्माच्या वेळी चर्चच्या नोंदवहीत वडिलांची सही नाही, यावरून त्यांना अक्षरओळख नसावी असे मानले जाते. जान यांना मात्र पुढे कागदपत्रांवर सही करता येत असे. त्या काळच्या खेड्यातील मजुराच्या मुलीसाठी ही साधी गोष्ट नव्हती.

१७६० ते १७६४ या काळात केव्हातरी त्या तुलाँ-स्युर-आरू या गावी फिलिबेर कोमेर्सों यांच्या घरी घरकामासाठी राहिल्या. कोमेर्सों (१७२७–१७७३) हे वैद्यकाचे पदवीधर, परंतु मनाने संपूर्णपणे वनस्पतिशास्त्राला वाहिलेले गृहस्थ होते. १७६२ मध्ये मुलाच्या जन्मानंतर लवकरच त्यांच्या पत्नीचे निधन झाले आणि घराची सारी व्यवस्था बारे यांच्याकडे आली. १७६४ मध्ये बारे गर्भवती राहिल्या. अविवाहित स्त्रीने आपल्या गरोदरपणाची अधिकृत नोंद करावी असा त्या वेळी फ्रान्समध्ये कायदा होता. त्यानुसार केलेल्या नोंदीत त्यांनी मुलाच्या पित्याचे नाव सांगितले नाही. त्यानंतर दोघेही पॅरिसला राहावयास गेले. तेथे बारे यांनी बोनफ्वा हे आडनाव धारण केले. डिसेंबर १७६४ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याला अनाथालयाच्या स्वाधीन करण्यात आले आणि पुढच्याच वर्षी ते मूल दगावले.

== मोहिमेत प्रवेश ==

बूगँव्हिल यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सच्या राजसत्तेने पृथ्वीप्रदक्षिणेची मोहीम आखली, तेव्हा निसर्गशास्त्रज्ञ म्हणून कोमेर्सों यांना पाचारण करण्यात आले. त्यांची प्रकृती नाजूक होती आणि पायाची जखम वारंवार चिघळत असे. सरकारी खर्चाने एक सेवक बरोबर नेण्याची त्यांना मुभा होती, पण तो सेवक पुरुषच असणे भाग होते. डिसेंबर १७६६ मध्ये, निघण्यापूर्वी, कोमेर्सों यांनी मृत्युपत्र केले. त्यात बारे यांना ६०० लिव्र, थकलेले वेतन आणि पॅरिसच्या घरातील सामानसुमान द्यावे अशी तरतूद होती.

रोशफोर बंदरात बारे पुरुषाच्या वेषात, जणू अनोळखी इसमाप्रमाणे पुढे आल्या आणि ज्याँ बारे या नावाने कोमेर्सों यांच्या सेवेत रुजू झाल्या. दोघांना एत्वाल (अर्थ : तारा) या जहाजावर जागा मिळाली. कोमेर्सों यांचे सामान व उपकरणे एवढी होती, की जहाजाचे कप्तान शेनार द ला जिरोदे यांनी स्वतःची प्रशस्त खोली त्यांना देऊ केली. या योगायोगाने बारे यांना जहाजावर थोडा आडोसा लाभला. शंभराहून अधिक पुरुषांच्या सहवासात त्यांचे गुपित दीर्घकाळ टिकले, त्यात या खोलीचाही वाटा होता. एत्वाल १ फेब्रुवारी १७६७ रोजी रोशफोरहून निघाले.

खलाशांमध्ये कुजबूज लवकरच सुरू झाली. आपण खच्ची केलेले पुरुष आहोत, असे सांगून बारे यांनी संशय टाळला, असे जहाजावरील शल्यवैद्य विव्हेस यांच्या लिखाणावरून दिसते.

== रिओ दि जानेरो आणि बोगनवेल ==

जून १७६७ मध्ये एत्वाल रिओ दि जानेरो येथे पोहोचले आणि बूगँव्हिल यांच्या बूदूझ या जहाजाशी त्याची गाठ पडली. बंदरातील वातावरण तंग होते. एत्वालवरील धर्मगुरूचा तेथे किनाऱ्यावर खून झाला. कोमेर्सों यांच्या पायाची जखम बळावली होती व त्यांनी जहाजावरच राहावे असे ठरले होते. तरीही याच मुक्कामात एका वेलीचे नमुने जहाजावर आले. स्थानिक लोकांना ती वेल अर्थातच परिचित होती. परंतु युरोपीय शास्त्रज्ञांनी तोवर तिचे वर्णन केलेले नव्हते.

ही वेल म्हणजेच बोगनवेल. ती गुलबक्षीच्या कुळातील आहे. आपण ज्याला तिचे रंगीत फूल म्हणतो ते वस्तुतः फूल नसून तीन रंगीत पानांचा म्हणजे छदांचा झुबका असतो. खरी फुले त्यांच्या आत असलेली लहान, फिकट रंगाची आणि नळीसारखी असतात. आधाराला अडकून वर चढण्यासाठी तिला काटे असतात. छदांचा भडक रंग पाहून एखाद्याने त्यांनाच पाकळ्या मानले असते, तर वनस्पतीचे कूळ ठरविण्यात चूक झाली असती. फुलाचे भाग उलगडून, मोजून पाहिल्याखेरीज अशा वेलीची ओळख पटत नाही.

कोमेर्सों यांनी या वेलीला मोहिमेच्या प्रमुखाचे नाव द्यायचे ठरविले. आंत्वान-लोराँ द ज्यूस्यू यांनी १७८९ मध्ये आपल्या ग्रंथात ते प्रसिद्ध केले आणि १७९९ मध्ये विल्डेनाव यांनी रिओच्या परिसरातील जातीला बोगनविलिया स्पेक्टाबिलिस हे नाव दिले. मराठीत या नावाचा शेवट सहजपणे वेल असा झाला व परक्या आडनावाला आपल्या भाषेत अर्थ लाभला.

हे नमुने प्रत्यक्ष कोणी तोडून आणले, हा प्रश्न बारे यांच्या चरित्रात मध्यवर्ती ठरला आहे. कोमेर्सों यांना धड चालता येत नव्हते आणि किनाऱ्यावरील धावपळ त्यांच्या साहाय्यकाकडे होती. म्हणून बोगनवेलीचा पहिला नमुना बारे यांनीच आणला असावा, असे चरित्रकार ग्लिनिस रिडली यांचे प्रतिपादन आहे. तसे स्पष्टपणे नोंदविणारा समकालीन कागद नाही. हा निष्कर्ष परिस्थितीवरून काढलेला आहे.

== संग्राहक म्हणून कार्य ==

वनस्पतींचा संग्रह म्हणजे केवळ फुले तोडणे नव्हे. नमुन्यात पान, फूल आणि शक्य असल्यास फळ, हे सारे एकाच झाडाचे असावे लागते. तो कागदांच्या घड्यांमध्ये दाबून वाळवावा लागतो, ओलसर झालेले कागद पुन्हा पुन्हा बदलावे लागतात आणि बुरशी व किडींपासून त्याचे रक्षण करावे लागते. वेलीच्या बाबतीत काम अधिक कठीण असते. तिची फुले बहुधा उंचावर असतात, फांदीचा योग्य तुकडा निवडावा लागतो. शिवाय सुकल्यावर रंग उडत असल्याने फुलांचा रंग, वेलीची उंची आणि ती कशाच्या आधाराने चढली होती हे जागच्या जागी टिपून ठेवावे लागते. समुद्रावरील दमट हवेत हे सारे सांभाळणे हे मोठे कष्टाचे काम होते.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या मॅगेलन सामुद्रधुनीत डिसेंबर १७६७ ते जानेवारी १७६८ या काळात जहाजे अडकून पडली असता, बारे यांनी डोंगरदऱ्यांतून आणि बर्फातून शिधा, शस्त्रे व वनस्पतींच्या जाड वह्या वाहून नेल्या. त्यांची चिकाटी आणि धैर्य यांची दखल बूगँव्हिल यांनीही आपल्या प्रवासवर्णनात घेतली आहे. कोमेर्सों तर त्यांना आपले भारवाही जनावर म्हणत. हा शब्द कौतुकाने योजलेला असला, तरी ज्ञानाच्या श्रेयात साहाय्यकाचे स्थान काय होते हे त्यातून दिसून येते.

== रहस्यभेद ==

एप्रिल १७६८ मध्ये मोहीम ताहिती बेटावर पोहोचली. बूगँव्हिल यांच्या वृत्तांतानुसार, बारे किनाऱ्यावर उतरताच ताहितीच्या लोकांनी त्यांना घेरले आणि ही स्त्री आहे असे ओळखले. त्यांना त्वरेने जहाजावर परत आणावे लागले. मे १७६८ च्या अखेरीस बूगँव्हिल यांनी एत्वालवर जाऊन त्यांची चौकशी केली. डोळ्यांत अश्रू आणून बारे यांनी आपण स्त्री असल्याचे कबूल केले. आपण अनाथ आहोत, एका खटल्यात सर्वस्व गमावले आहे आणि रोशफोर येथे आपल्या धन्याचीही फसवणूक केली, असे त्यांनी सांगितले. कोमेर्सों यांना दोषमुक्त ठेवणारा हा जबाब होता. पॅरिसमधील त्यांचे एकत्र वास्तव्य पाहता तो खरा नव्हता, हे आज कागदपत्रांवरून स्पष्ट आहे. नियमभंगाचा सारा भार त्यांनी स्वतःवर घेतला. बूगँव्हिल यांनी शिक्षा केली नाही. उलट, जहाजावरील त्यांचे वर्तन निष्कलंक असल्याचे नमूद केले.

अन्य प्रवाशांच्या रोजनिशींतील हकिगत याहून वेगळी आहे. विव्हेस यांच्या लिखाणानुसार जुलै १७६८ मध्ये न्यू आयर्लंड बेटावर सहप्रवाशांनीच बळजबरीने त्यांचे स्त्रीत्व उघड केले. या प्रसंगाच्या स्वरूपाविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. मात्र गुपित उघड झाल्यावर उरलेला प्रवास बारे यांना अत्यंत असुरक्षित स्थितीत करावा लागला, याबद्दल दुमत नाही.

== मॉरिशस व मादागास्कर ==

नोव्हेंबर १७६८ मध्ये जहाजे हिंदी महासागरातील इल द फ्राँस या फ्रेंच वसाहतीत पोहोचली. आजचा मॉरिशस तो हाच. पुढे एकोणिसाव्या शतकात मराठी भाषक कामगार ज्या बेटावर जाऊन स्थिरावले, तेच हे बेट. तेथील प्रशासक प्येर प्वाव्र हे स्वतः वनस्पतींचे जाणकार व कोमेर्सों यांचे परिचित होते. कोमेर्सों आणि बारे तेथेच उतरले. बूगँव्हिल १७६९ मध्ये फ्रान्सला परतले आणि फ्रान्सची ही पहिली अधिकृत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली. बारे यांची प्रदक्षिणा मात्र अर्धवट राहिली होती.

पुढील काही वर्षांत दोघांनी मॉरिशस, मादागास्कर व रेयुनियों येथे संग्रहाचे काम केले. मादागास्करमध्ये कोमेर्सों यांना एक झुडूप आढळले. त्याच्या एकाच झाडावर निरनिराळ्या आकारांची पाने होती. बाह्य रूप एक आणि अंतरंग दुसरे असलेल्या आपल्या सहकारिणीची त्यांना आठवण झाली असावी. त्यांनी त्या झुडपाला बारेटिया बोनाफिडिया असे नाव योजले. त्यातील पहिला शब्द आडनावावरून आणि दुसरा पॅरिसमध्ये बारे यांनी धारण केलेल्या बोनफ्वा या नावावरून घेतला होता. कोमेर्सों यांनी बारे यांच्या कार्याला दिलेली ही सर्वांत स्पष्ट पावती होय.

प्वाव्र १७७२ मध्ये फ्रान्सला परतल्यावर कोमेर्सों यांचा आधार गेला. १३ मार्च १७७३ रोजी मॉरिशस येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ही वार्ता पोहोचण्यापूर्वी, पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्यांची निवड केली. तीसहून अधिक पेट्यांत भरलेला संग्रह फ्रान्सला रवाना झाला. त्यातील सहा हजारांवर नमुने पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात समाविष्ट झाले.

== परतीचा प्रवास व उत्तरायुष्य ==

धनी गेला, घर गेले, पण बारे यांनी धीर सोडला नाही. त्यांनी पोर्ट लुई येथे मद्यालय चालविले. रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी मद्यविक्री केल्याबद्दल १७७३ च्या अखेरीस त्यांना ५० लिव्र दंड झाल्याची नोंद आहे. १७ मे १७७४ रोजी त्यांनी ज्याँ द्युबेर्ना या फ्रेंच सैन्यातील कनिष्ठ अधिकाऱ्याशी विवाह केला. १७७५ च्या सुमारास पतीसह त्या फ्रान्सला पोहोचल्या. निघाल्यापासून सुमारे आठ वर्षांनी, कोणताही गाजावाजा न होता, एका स्त्रीची पहिली पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली.

एप्रिल १७७६ मध्ये कोमेर्सों यांच्या मृत्युपत्रानुसार त्यांना देय असलेली रक्कम मिळाली. दांपत्याने नैर्ऋत्य फ्रान्समधील दोर्दोन्य भागात, सँ-ओले या पतीच्या गावी घर केले. १७८५ मध्ये नौदल मंत्रालयाने त्यांना वार्षिक २०० लिव्र निवृत्तिवेतन मंजूर केले. त्या आदेशात त्यांच्या धैर्याचा, कोमेर्सों यांच्यासोबत उचललेल्या श्रमांचा आणि सदाचरणाचा गौरवपूर्ण उल्लेख होता. एकेकाळी ज्या नियमाचा भंग करून त्या जहाजावर चढल्या, तो नियम राबविणाऱ्या आरमारानेच हा सन्मान केला. ५ ऑगस्ट १८०७ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

== वनस्पतींच्या नामकरणातील स्थान ==

एखादी वनस्पती नवी आहे असे ठरविण्यासाठी ती प्रथम ज्ञात जातींशी ताडून पाहावी लागते. पान, फूल, फळ व बीज यांतील स्थिर भेद दाखवावे लागतात. आजच्या नियमांनुसार त्यांचे वर्णन प्रसिद्ध करावे लागते आणि ते नाव ज्या नमुन्याशी कायमचे जोडले जाते, तो प्ररूप नमुना एखाद्या वनस्पतिसंग्रहात जतन करावा लागतो. नाव सुचविले, वहीत लिहिले, मित्रांना कळविले, एवढ्याने ते मान्य होत नाही. शिवाय एकाच वनस्पतीस दोन नावे मिळाली, तर सामान्यतः आधी रीतसर प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरले जाते.

बारेटिया या नावाचे नेमके हेच झाले. कोमेर्सों यांना ते प्रसिद्ध करता आले नाही. त्या झुडपाचा समावेश टुरेया या गटात झाला, आणि टुरेया हे नाव लिनीयस यांनी १७७१ मध्येच प्रसिद्ध केलेले होते. ही वनस्पती कडुनिंबाच्या कुळातील आहे. कोमेर्सों यांचे नाव सत्तरहून अधिक जातींना लाभले, बूगँव्हिल यांचे नाव जगभरच्या बागांत पोहोचले. परंतु नमुने वाहून आणणाऱ्या स्त्रीचे नाव कोणत्याही मान्य जातीला उरले नाही. यात कोणाचा वैयक्तिक दुष्टावा नव्हता. पण नियम निःपक्षपाती असले, तरी वर्णन लिहिण्याची आणि ते प्रसिद्ध करण्याची संधी ज्यांना मिळाली त्यांचीच नावे त्यातून टिकली.

ही उणीव २०१२ मध्ये भरून निघाली. रिडली यांनी २०१० मध्ये बारे यांचे चरित्र प्रसिद्ध केले होते. त्याविषयीची त्यांची मुलाखत वनस्पतिशास्त्रज्ञ एरिक टेपे यांनी रेडिओवर ऐकली. वांगे, बटाटा व टोमॅटो ज्या सोलॅनम गटात मोडतात, त्या गटाचा ते अभ्यास करीत होते. दक्षिण एक्वादोर व उत्तर पेरू येथील डोंगराळ अरण्यांतील एक वेल नवी जात असल्याचे त्यांना आढळले होते. टेपे, रिडली आणि लिन बोह्स यांनी मिळून तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला सोलॅनम बारेटिए हे नाव दिले. या वेलीची फुले जांभळी, पिवळी किंवा पांढरी असतात आणि पानांचे आकारही वेगवेगळे असतात. कोमेर्सों यांनी निवडलेल्या झुडपाचा विशेषही पानांची विविधता हाच होता, हे साम्य नामकरण करणाऱ्यांनी ध्यानात घेतले होते.

या नावाचे व्याकरणही लक्षणीय आहे. पुरुषाच्या सन्मानार्थ दिलेल्या जातिनामाला लॅटिनमध्ये सामान्यतः पुल्लिंगी षष्ठीचा प्रत्यय लागतो, जसे कोमेर्सोनिआय. स्त्रीच्या नावाला ए हा स्त्रीलिंगी प्रत्यय लागतो. त्यामुळे जहाजावर पुरुषाच्या नावाने वावरलेल्या बारे यांचे स्त्री म्हणून असलेले स्थान या वेलीच्या नावातच नोंदले गेले आहे.

== संशोधन व मूल्यमापन ==

बारे यांनी स्वतः लिहिलेले प्रवासवर्णन नाही; त्यांची माहिती मुख्यतः इतरांच्या रोजनिशी, चर्चच्या नोंदवह्या व सरकारी कागद यांतून मिळते. त्यांना लहानपणापासूनच औषधी वनस्पतींचे पारंपरिक ज्ञान होते व कोमेर्सों हेच त्यांच्याकडून शिकले, असे रिडली मानतात. डॅनियल क्लोड यांनी २०२० च्या चरित्रात उपलब्ध कागदपत्रांची पुन्हा छाननी करून यातील काही तर्क नाकारले आहेत. मात्र बारे केवळ सेविका नव्हत्या, तर अनेक वर्षांच्या अनुभवातून तयार झालेल्या कुशल संग्राहक होत्या, या मुद्द्यावर अभ्यासकांचे बहुतांशी एकमत आहे.

== सन्मान ==

* २०१२ : सोलॅनम बारेटिए या वेलीचे नामकरण.
* २०१८ : प्लूटो या बटुग्रहावरील एका पर्वतराजीला बारे यांचे नाव.
* २७ जुलै २०२० : २८० व्या जन्मदिनानिमित्त गूगलच्या मुखपृष्ठावर त्यांचे स्मरणचित्र.